सर्वसाधारण सभा, विषय क्रमांक १४: एका मोजणीवालीचा रिव्ह्यू

पाचपैकी अडीच तारे. त्यातले दीड एकट्या सभा लिपिकाचे, उरलेला एक बाकी सगळ्यांनी वाटून घ्यावा.

मोबाइलचे, हॉटेलांचे, डॉक्टरांचेसुद्धा रिव्ह्यू लोक हिरिरीने लिहितात. ज्या सेवेसाठी दरवर्षी घरपट्टी भरतो, तिच्याबद्दल मात्र चौकात चार शिव्या घातल्या की आपलं काम झालं. नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा हीही सेवाच आहे. आपल्या नावाने चालते आणि तिथे ठरलेलं आपल्याला भोगावं लागतं, मग तिची पारख व्हायला काय हरकत आहे? मी भूमी अभिलेख खात्यात मोजणीच्या कामावर होते. निवृत्त झाले तरी जमिनीचा विषय निघाला की कान टवकारतात. गावाचं नाव सांगत नाही. क वर्ग नगरपरिषद आहे, म्हणजे लोकसंख्या ४० हजारांच्या आत, एवढं पुरे.

आधी प्रवेशाबद्दल. ही सभा लोकांना बसून ऐकता येते, हे बहुतेकांच्या गावीही नसतं. नगरपरिषदांचा १९६५ चा अधिनियम तसं सांगतो. एखादा विषय खासगीत घ्यायचा असेल तर तसं ठरवता येतं, पण तो अपवाद. दारावरच्या शिपायाला हे कोणी सांगितलेलं नसावं.

“मावशी, अर्ज द्यायचाय का? आवक-जावक खाली आहे.”

“अर्ज नाही. सभा ऐकायचीय.”

“कोणाकडनं आलात?”

“कोणाकडनं नाही. माझी मी.”

तो आत जाऊन कोणाला तरी विचारून आला आणि येताना एक खुर्चीही घेऊन आला. म्हणजे माणूस भला आहे. प्रेक्षकांसाठीचं बाक होतं, पण त्यावर जुन्या फायलींचे गठ्ठे होते. बाकावर लोक बसतील अशी कोणाची अपेक्षाच नसेल तर फायली तरी कुठे ठेवणार?

आवाजाची व्यवस्था यथातथा. प्रत्येक सदस्यासमोर माईक आहे. ज्याला तावातावाने बोलायचं असतं तो माईक सोडून उभा राहतो, आणि ज्याला काहीच बोलायचं नसतं त्याचा माईक चालू राहून खुर्चीची करकर ऐकवत राहतो. मागे बसलात तर निम्मं बोलणं हातवाऱ्यांवरून समजून घ्यावं लागतं. डाव्या भिंतीला बसा, तिथे बरं ऐकू येतं.

विषयपत्रिका वेळेत लागली होती. सात दिवस आधी नोटीस काढायची असते, ती निघाली होती आणि नोटीस बोर्डाच्या काचेआड होती. पण हाती काय लागतं? एकेका विषयाला एकेक वाक्य, आणि तेही शेवटी ‘बाबत विचारविनिमय करून निर्णय घेणे’ असं. विषयामागची टिप्पणी, म्हणजे कार्यालयाचं म्हणणं, खर्च, नकाशा, हे सगळं सदस्यांच्या पाकिटात. प्रेक्षकाला शीर्षकं मिळतात, मजकूर मिळत नाही. हे तरी वेबसाइटवर टाका. माहितीचा अधिकार २००५ साली आला आणि मागितल्याशिवाय काय काय जाहीर करायचं याची यादी त्या कायद्याच्या चौथ्या कलमातच आहे.

माझ्या नजरेत भरला तो विषय क्रमांक १४: ‘शहरातील मंजूर रेखांकनातील खुल्या जागेवर (अंदाजे १५ गुंठे) बहुउद्देशीय सभागृह बांधणेबाबत’.

‘अंदाजे’ वाचलं की मोजणीवाल्याच्या पोटात गोळा येतो. पण त्यावर पुढे येते.

पहिले सातआठ विषय ‘मंजूर, मंजूर’ म्हणत झपाझप गेले. मागच्या सभेचं इतिवृत्त कायम झालं, टेंडरांना मुदतवाढ मिळाली, एका रस्त्याच्या नामकरणावर मानपानाची थोडी खडाखडी झाली. खरी सभा सुरू झाली ती गटारावरून. एका नगरसेविकेने फोनवरचे फोटो सगळ्यांना फिरवून दाखवले. नवीन गटाराचा तळ जुन्या गटारापेक्षा वर आलाय, त्यामुळे पाणी उलटं फिरतं, हे तिने अगदी साध्या शब्दांत सांगितलं. अभियंता म्हणाले, उतार काढलेला आहे. ती म्हणाली, “साहेब, उतार काढलाय, पण तो आमच्या घराकडे काढलाय.” सभेतलं त्या दिवसाचं सर्वांत चांगलं भाषण तेच. सीओंनी, म्हणजे मुख्याधिकाऱ्यांनी, तिथल्या तिथे पाहणीची तारीख दिली आणि ती इतिवृत्तात घ्यायला लावली. पथदिवे, भटकी कुत्री, घंटागाडीची वेळ यांवर बरंच बोलून झालं, त्यात नवं काही नव्हतं.

आणि हे सगळं कमी लेखू नका. मधली कित्येक वर्षं राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांत सभा नावाची गोष्टच नव्हती. मुदती संपलेल्या, निवडणुका रखडलेल्या, आणि प्रशासक एकटेच सभेचे सगळे अधिकार वापरत होते. ठराव तेव्हाही होत होते, फक्त उलटा फिरलेला उतार कोणी उभं राहून सांगत नव्हतं. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या, तेव्हा कुठे खुर्च्या भरल्या.

आता विषय १४.

रेखांकन म्हणजेच लेआउट, जमिनीचे प्लॉट पाडायचा नकाशा. लेआउट पडतो तेव्हा त्यातली काही जागा मोकळी सोडावी लागते. आत्ताच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत, जी डिसेंबर २०२० पासून लागू आहे, ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटला १० टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवायची असते. सगळे तिला ‘ओपन स्पेस’ म्हणतात. बिल्डरच्या जाहिरातीत तिथे बाग असते. कागदावर हिरवा चौकोन असतो. प्रत्यक्षात गवत, एक वाकलेला गोलपोस्ट आणि कोणाची तरी बांधकामाची खडी.

चर्चा सुरू झाली. एक ज्येष्ठ सदस्य उठले: “अध्यक्ष महोदय, जागा नुसती पडून आहे. गवत वाढलंय, लोक कचरा टाकतात, रात्रीचे दारुडे बसतात. सभागृह बांधलं तर चार कार्यक्रम होतील, नगरपरिषदेला उत्पन्न मिळेल.” दुसरे म्हणाले, तिथे पोरं खेळतात. पलीकडून आवाज आला, पोरं आता मोबाइलवर खेळतात. सभागृह हसलं. नगराध्यक्षाही हसल्या. मला हसू आलं नाही, कारण ‘पडून आहे’ हा शब्दप्रयोग मी नोकरीत फार ऐकलाय. गवत वाढलं असेल तर कापायला माणूस लावायचा असतो. दारुडे बसत असतील तर दिवा लावायचा असतो. दोन्हींचा खर्च सभागृहाच्या पायाइतकाही येणार नाही.

मधेच सुशोभीकरणाचीही उपसूचना आली. अर्धी जागा सभागृहाला आणि अर्ध्या जागेत पेव्हर ब्लॉक, ओपन जिम, कंपाउंड. या पेव्हर ब्लॉकवर माझा विशेष राग आहे. ब्लॉक बसले की पोर पडल्यावर गुडघा फुटतो, खो-खोचा खांब रोवता येत नाही, पावसाचं पाणी मुरत नाही. मग त्याला मैदान का म्हणायचं?

तेवढ्यात मी मनातल्या मनात आकडे मांडले. तो लेआउट दोन हेक्टरचा, हे कोणीतरी बोलता बोलता म्हणून गेलं होतं. दोन हेक्टर म्हणजे २०,००० चौरस मीटर, १० टक्के म्हणजे २,०००. एक गुंठा साधारण १०१ चौरस मीटरचा, तेव्हा ओपन स्पेस जवळजवळ २० गुंठे हवी. विषयपत्रिकेत ‘अंदाजे १५’. मग पाच गुंठे गेले कुठे? रस्त्यात गेले, कोणाच्या कंपाउंडमध्ये गेले, की लेआउट मंजूर होताना नियमच वेगळा होता? तिन्ही शक्य आहे. पण सभागृह बांधायच्या आधी हे विचारायला नको का?

आणि २,००० चौरस मीटरमध्ये काय काय बसतं, तेही सांगते. कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर. खो-खोचं २७ बाय १६. व्हॉलीबॉलचं १८ बाय ९. तिन्ही मिळून ७२४ चौरस मीटर होतात. कडेने पळायला वाट आणि म्हाताऱ्यांना झाडाखाली बाक, एवढं घालूनही जागा उरते. फुटबॉलचं पूर्ण मैदान मात्र बसत नाही, त्याला सत्तरेक गुंठे लागतात. यातलं काहीही सभेत निघालं नाही. अभियंत्यांजवळ लेआउटचा नकाशाच नव्हता. भिंतीवर विकास योजनेची, म्हणजे शहरातली कोणती जागा कशासाठी राखलीय त्या नकाशाची, फ्रेम होती, पण तिचा खालचा कोपरा कपाटाआड गेलेला आणि आरक्षणांचा हिरवा रंग उन्हाने उडून पिवळट झालेला. लांबून क्रीडांगण आणि शेतजमीन ओळखू येत नव्हती. ती फ्रेम कपाटाच्या बाहेर सरकवायला कोणी उठलं असतं तर मी लगेच अर्धा तारा वाढवला असता.

असल्या वादात मला दोन खटले हटकून आठवतात. एक आपल्याकडचा. बंगलोरमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा एका खासगी रुग्णालयाला द्यायचं ठरलं, तिथले रहिवासी कोर्टात गेले, आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्दच ठरवलं. रुग्णालय वाईट म्हणून नव्हे. उद्यान सगळ्यांचं असतं, ते एखाद्या खासगी संस्थेच्या हवाली करता येत नाही म्हणून. रहिवाशांना दाद मागायचा हक्क आहे, हेही त्यातच ठरलं. दुसरा इंग्लंडमधल्या श्रूझबरीचा. तिथल्या नगरपरिषदेने २०१७ मध्ये खेळाच्या मैदानाचा एक भाग बिल्डरला विकला. विकण्याआधी स्थानिक वर्तमानपत्रात लागोपाठ दोन आठवडे जाहिरात द्यायची आणि हरकती ऐकायच्या, असा तिथला कायदा. ती जाहिरात दिलीच नाही. एका रहिवाशाने पिच्छा पुरवला, आणि २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या जागेवरच्या १५ घरांची परवानगी रद्द केली. लोकांचा त्या जमिनीवरचा हक्क विक्रीनेही संपला नव्हता. जाहिरातीचे दोन आठवडे वाचवायला गेले आणि सहा वर्षं गेली.

आता दीड ताऱ्याचं स्पष्टीकरण. चर्चा विझत आली, नगराध्यक्षा ‘मंजूर’ म्हणणार एवढ्यात सभा लिपिक उभे राहिले. हातात प्रोसिडिंग बुक.

“मॅडम, सूचक कोण लिहू?”

एक हात वर झाला.

“अनुमोदक?”

दुसरा हात.

“क्षेत्र किती लिहू?”

“अजेंड्यात आहे ना, १५ गुंठे.”

“अंदाजे १५ आहे, मॅडम. ठरावात अंदाजे कसं लिहू? उद्या मंजुरीला पाठवलं की वरून परत येईल.”

सीओंनी अभियंत्यांकडे पाहिलं, अभियंत्यांनी नगररचनेच्या माणसाकडे, आणि त्याने टेबलावरच्या कागदांकडे. लिपिक भाऊसाहेब पेन धरून उभेच. ना आवाज चढवला, ना कोणाला खिंडीत पकडल्याचा आव. शेवटी ‘जागेची मोजणी करून व मंजूर रेखांकनाची प्रत सभेपुढे ठेवून विषय पुढील सभेत घेणेत यावा’ असं ठरलं. सतरा सदस्यांच्या भाषणांनी जे झालं नाही ते लिपिकाच्या एका प्रश्नाने झालं. मैदान वाचलं असं मी म्हणत नाही. निदान किती मैदान आहे, ते तरी कळेल.

इथवर सभा साडेतीन ताऱ्यांच्या लायकीची होती. मग आले ऐनवेळचे विषय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: विषयपत्रिकेत नसलेला विषय सभा संपता संपता मांडतात, त्याला ऐनवेळचा विषय म्हणतात. पुराचं पाणी शिरलं, पाइप फुटला, असल्या निकडीसाठी ही सोय ठीक आहे. इथे त्या सोयीतून आलं ते क्रीडांगणाचं आरक्षण. खासगी मालकाची जागा, विकास योजनेत क्रीडांगण म्हणून राखलेली, आणि मालकाने कलम १२७ ची खरेदीची नोटीस दिलेली. नोटीस नगरपरिषदेत केव्हाच आलेली होती. तिच्यावरचा आवक शिक्का काही त्या सकाळचा नव्हता. मग सात दिवस आधीच्या विषयपत्रिकेत ती का नाही?

तोवर निम्मे सदस्य जिन्यात पोचलेले. वाचन झालं, एक जण म्हणाले, “क्रीडांगण झालंच पाहिजे, संपादन करा, एकमताने.” टाळ्या. सगळा मिळून गटाराच्या फोटोंइतकाही वेळ गेला नाही.

टाळ्यांवर माझा आक्षेप का, तेही सांगते. प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम १९६६ चा. त्याच्या १२७ व्या कलमाप्रमाणे विकास योजना लागू झाल्यापासून १० वर्षांत आरक्षित जागा घेतली नाही तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत जागा घेतली नाही किंवा घेण्याची पावलं टाकली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं आणि जागा मोकळी. पूर्वी ही मुदत सहाच महिने होती. मुदत वाढली म्हणून निवांत बसायला जागा नाही, कारण ‘पावलं’ म्हणजे काय हे सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात २००७ मध्येच सांगून ठेवलंय. नुसता प्रस्ताव पाठवला, पत्रापत्री केली, याला पाऊल म्हणत नाहीत. संपादनाची खरीखुरी घोषणा निघावी लागते. मग ‘संपादन करावे’ या एका ओळीचं वजन किती? पैसे कुठून आणणार, मालकाशी बोलून घेणार की मोबदल्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, देणार, की सरळ भूसंपादन कायद्याने जाणार, हे १२६ व्या कलमातले पर्याय कोणी उच्चारलेसुद्धा नाहीत. छोट्या नगरपरिषदेला रोख मोबदला झेपणं कठीण, हे त्या दालनातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी टाळ्या. कारण विरोध केला तर ‘क्रीडांगणाला विरोध’ असा बोभाटा होणार, आणि पैशाचं विचारलं तर सभा लांबणार.

खुल्या जागा अशाच जातात, असं माझं नोकरीतलं निरीक्षण आहे. मैदान नको म्हणून कोणी ठराव करत नाही. मैदान हवं, असा एकमताचा ठराव होतो आणि तो फायलीत राहतो.

ठरावाची प्रत मागायला नंतर गेले. भाऊसाहेबांनी अर्ज घेतला, पोच दिली, प्रत वेळेत मिळाली. सेवेचा हा भाग उत्तम. मजकुरात मात्र ‘साधकबाधक चर्चेअंती सर्वानुमते’ एवढंच. गटाराच्या विषयातला पाहणीचा दिनांक आहे, पण पोरांच्या मोबाइलवरचा विनोद नाही, आणि पेव्हर ब्लॉकची उपसूचना कोणाची होती तेही नाही. इतिवृत्तात कोण काय बोललं ते यावं, अशी मागणी सदस्यांनीच करायला हवी. रेकॉर्डिंग होतं म्हणे. ते कुठे मिळतं, हे तीन टेबलांवर विचारलं, प्रत्येकाने पुढचं टेबल दाखवलं.

कोणी जावं? ज्यांच्या घरासमोर ओपन स्पेस आहे त्यांनी तर जावंच. विषयपत्रिका लागली की फोटो काढून ठेवा. आपल्या लेआउटचा मंजूर नकाशा नगररचना विभागातून आधी मिळवा, त्यावर ओपन स्पेसचं क्षेत्र लिहिलेलं असतं. ते आणि विषयपत्रिकेतलं क्षेत्र जुळतं का ते पाहा. ठराव बेकायदा वाटला तर नगरपरिषदांच्या अधिनियमातल्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते, त्यांना ठरावाची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार आहे. पण त्यासाठी ठरावाची प्रत हातात लागते, ऐकीव माहितीवर काही होत नाही. आणि ऐनवेळचे विषय संपेपर्यंत उठू नका, भले सदस्य उठोत.

मोजणीचा अर्ज नगरपरिषदेने भूमी अभिलेखकडे भरला का, याची चौकशी मी परवा जुन्या कार्यालयात केली. अर्ज आलेला आहे, तारीख पडायची आहे. तारीख पडली की लेआउटमधल्या रहिवाशांनी खुणा दाखवायला जागेवर हजर राहावं. मोजणीवाला एकटाच आला आणि खुणा दाखवायला फक्त शेजारचा कंपाउंडवाला असला, तर काय होतं ते मी पुष्कळदा पाहिलंय.